जमिनीवर न बसलेले मुकुंद भाऊजी

ये गं मृणाल, जवळ बस. तू वॉटर्लूला आणि मी एडमंटनला, तेव्हा जवळ बस म्हणजे काय, तर हा कागद मांडीवर घे आणि तो फोन उलटा करून ठेव. महिन्यातून एकदा 'हाय काकू, ऑल गुड?' एवढं पाठवलंस की तुझं काम झालं. बरं, काकूला चालतं. पण तुझी आई याच घरात राहते, माझ्याच किचनमध्ये चहा करते, हे माहीत असून तिच्यासाठी एक अक्षर नाही? तुझी लेक चार वर्षांची झाली आणि तिचे फोटो आजीला मी फेसबुकवरून दाखवायचे. रागावले आहे मी तुझ्यावर. आधी ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

गेल्या महिन्यात कॅल्गरीला तुझ्या बाबांची शोकसभा झाली. जो उठला तो छानच बोलला. धाडसी माणूस, समुद्रवेडा माणूस, मनस्वी माणूस. मग तू उठलीस आणि त्यांनी तुला पाठवलेली ती ई-मेल वाचलीस. 'तुझ्या आईला हे बेट फार आवडलं. ती तिथेच राहायला गेली आहे. बोटीवर मी एकटाच.' हॉलमधल्या बायका हळहळल्या. तुझी आई पहिल्या रांगेत चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती काही बोलली नाही. चार वर्षांत बोललेली नाही. म्हणून आता मी बोलते.

मला मुकुंद भाऊजी आवडायचे नाहीत. माझे सख्खे धाकटे दीर, पण नाहीच आवडायचे. लग्न होऊन मी नागपूरच्या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला दिलं आणि पाहुण्यांसमोर हसून घेतलं. मी आठवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं इथे येऊन, ग्रोसरीच्या फ्लायरवरून आणि लायब्ररीतल्या मुलांच्या पुस्तकांवरून. ते मला 'वहिनी' म्हणायचे, पण असं काही म्हणायचे की ती हाक न वाटता शेरा वाटावा.

एक खोड सांगते. हा माणूस जमिनीवर बसायचा नाही. आमच्या बेसमेंटमध्ये सत्यनारायण असला की सगळे चादरींवर मांडी घालून बसायचे, तुझे काकासुद्धा, पाठीचं दुखणं घेऊन. भाऊजी मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे. विचारलं की म्हणायचे, गुडघे. पण तेच गुडघे बोटीच्या इंजिनाच्या बिळात तीन-तीन तास मुडपून राहायचे, तेव्हा काही कुरकुरायचे नाहीत. खाली बसून दुसऱ्याकडे मान वर करून बघायचं, ते त्यांना जमत नव्हतं.

आणि ती बोट. नागपूरचा माणूस, समुद्र पाहिला तोही लग्न झाल्यावर. कॅल्गरीपासून समुद्र म्हणजे सगळे डोंगर ओलांडून पार पलीकडे. तरी पन्नाशीला आल्यावर यांनी ड्राइव्हवेत बोट आणून उभी केली. तू तेव्हा युनिव्हर्सिटीत होतीस, तुला ती बोट फक्त सुट्टीत दिसायची आणि बाबा हीरो वाटायचे. आम्हाला ती वर्षभर दिसायची. बर्फ पडला की सगळी गल्ली आपापला फुटपाथ शोव्हल करायची आणि हे बोट शोव्हल करायचे. फुटपाथ तुझी आई करायची. समोरचे म्हातारे गृहस्थ एकदा अगदी नरम आवाजात विचारायला आले, की ही इथून कधी हलणार. भाऊजी म्हणाले, "तुम्ही हललात की मग." त्या माणसाची बायको नुकतीच गेली होती. मी तिथे उभी होते. लाजेने माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. यांना काही नाही.

'बोट माझी, वेळ माझी', हे त्यांचं वाक्य. जेवायला कधी येता विचारलं तरी तेच.

नोकरी लवकर सोडली, बोट ट्रकवर चढवून किनाऱ्याला नेली आणि ऑफिसातले दोन मित्र घेऊन पॅसिफिकमध्ये निघाले. पहिल्या बंदरालाच दोघे मित्र उतरले आणि विमानाने परत आले. भाऊजींनी सगळ्यांना कळवलं, की त्यांना समुद्र सोसला नाही. त्यातल्या एकाने मला वेगळं सांगितलं. म्हणाला, समुद्र सोसला हो.

मग बोटीवर माणसं कमी पडली, म्हणून तुझ्या आईला, शैलाला, बोलावणं आलं. तुला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. शैला फोनवर म्हणाली, "मी येते, पण मृणालला आठवा लागायच्या आत मला विमानतळाच्या बेटावर सोडायचं. पहिलं बाळंतपण आहे, मी तिथे हवी." भाऊजी हो म्हणाले. स्पष्ट हो म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि मी डिंकाच्या लाडवांसाठी खारीक कुटत होते. मला का नेलं, तर तुझे काका जाऊन वर्ष झालं होतं आणि शैलाला भाऊजींबरोबर एकटीने जायचं नव्हतं. "ताई, चल ना," म्हणाली. एवढंच म्हणाली. मी समजले.

बोटीवरचे नियम ऐक. प्यायचं पाणी पेल्याने मोजून. अंघोळ समुद्राच्या पाण्याची. पासपोर्ट तिघांचे पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली यांच्या गळ्यात. आणि 'अहो' बंद. संकटाच्या वेळी 'अहो' म्हटलं की कोणाला म्हटलं ते कळत नाही, म्हणून त्यांना 'स्किपर', म्हणजे कप्तान, म्हणायचं. बोटीवर माणसं तीन, त्यातल्या दोघी बायका, आणि यांना कळत नाही 'अहो' कोण. शैलाने तीस वर्षांत नवऱ्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली, ती अशी.

खोटं कशाला बोलू, बोट मात्र सुरेख चालवायचे. ती बेटं म्हणजे पाण्यावर ठेवलेली बांगडी. बाहेर प्रवाळाचे खडक, आत निळंशार तळं, आणि आत शिरायला एकच फट. लाटा दोन्हीकडून फुटतायत, मी डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय, आणि हे सुकाणूवर दोन बोटं ठेवून उभे. भरती किती वाजता, प्रवाह कुठून, सगळं डोक्यात. एकदाही खरचटली नाही बोट. त्या दहा मिनिटांपुरती मला त्यांची भीती वाटायची नाही.

आत शिरलो की मात्र तेच भाऊजी. बेटावर उतरून ते कधी कोणाचं नाव विचारायचे नाहीत. माणसांना म्हणायचे 'ही मंडळी'. कोणी पपई आणून दिली, केळीचा घड दिला, की म्हणायचे, यांना काहीतरी हवं असणार. माणसं हसून बोलायला यायची आणि हे त्यांच्या मागच्या खांबांवर दोरी बांधता येईल का ते बघायचे.

तिसऱ्या बेटावर मेले भेटली. हसू नकोस, तिचं नावच ते. तिकडे खूप बायकांचं असतं म्हणे. आता हाक कशी मारायची सांग? शैला किनाऱ्यावर उभी राहून दोनदा तोंड उघडायची आणि मिटायची. शेवटी आम्ही तिला नुसतं 'ताई' म्हणायला लागलो, तर तिला वाटलं ते आमच्या देशातलं मोठं पद आहे, आणि ती खूश. पन्नाशीची, दणकट, मोठ्याने हसणारी. इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. नारळ खोवायची तिची पद्धत बघून मी माझी सोडली. शैलाने तिला तुझं सगळं सांगितलं, कितवा महिना, काय खावंसं वाटतं, सगळं. मेले रोज सकाळी पहिलं विचारायची, "बेबी ओके?"

त्या बेटावर महिन्यातून एक-दोनदा सामानाची बोट यायची. सुक्या खोबऱ्याची पोती भरायची आणि माणसांसकट मोठ्या बेटावर न्यायची. तिथे विमानतळ. शैला म्हणाली, मी इथूनच जाते. भाऊजी म्हणाले, कशाला, मी सोडतो ना, आधी पुढचं एक बेट करू. तुझा तेव्हा आठवा लागत होता.

आता माझी चूक सांगते. निघायच्या सकाळी मेले किनाऱ्यावर आली. आमच्या पिशव्या पाहून तिने विचारलं, "यू गो?" दारातून निघताना कोणी 'जाते' म्हणतं का? मी घाईने तिचा हात धरला आणि म्हटलं, "नो नो, नॉट गो. वी कम." ती म्हणाली, "कम? व्हेन?" आपण काय म्हणतो? येतोच लवकर. मी म्हटलं, "सून, सून." तिने मला मिठी मारली. मला वाटलं, छान निरोप झाला. आम्ही निघालो.

मेलेने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने गावाला सांगितलं, की पाहुणे जेवायला येतायत. तिच्याकडे एकच मोठं डुक्कर होतं, ते कापलं. खड्डा खणून, दगड तापवून, केळीच्या पानांत गुंडाळून सगळं शिजवलं. चर्च सुटल्यावर अख्खं गाव चटयांवर बसून आमची वाट बघत राहिलं. तिची भावजय सगळ्यांदेखत तिला हसली.

हे आम्हाला कळलं चौथ्या दिवशी, कारण आम्ही परत आलो. पाण्यासाठी. पेल्याने मोजलेलं ते पाणी, त्याची टाकी तळाशी उसवली होती आणि सगळं बोटीच्या बुडात जाऊन खारट झालं होतं. पुढे पाण्याचा थेंब नाही, म्हणून स्किपरांना बोट वळवावी लागली.

किनाऱ्यावर कोणी आलं नाही. आधी आमची होडी दिसली की लोक गुडघाभर पाण्यात यायचे. आता झाडाखाली बसलेले उठलेसुद्धा नाहीत. मेले जाळं विणत होती, तिने मान वर केली नाही. गावाचे वडीलधारे, सगळे त्यांना आजोबा म्हणायचे, चटईवर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. तुम्ही येतो म्हणालात. आम्ही शिजवलं. तुम्ही आला नाहीत. आता पाणी हवं म्हणून आलात. पाणी घ्या, पाण्याला कोणी नाही म्हणत नाही.

त्याच सकाळी सामानाची बोट येऊन उभी होती. पोती चढत होती. शैलाने आजोबांना हात जोडून विचारलं, की आम्हा दोघींना तिच्यातून जाता येईल का, मुलीचे दिवस भरत आलेत. आजोबांनी विचार केला. मग म्हणाले, तुमच्या बोटीचा शब्द मोडला आहे. बोटीच्या कॅप्टनने इथे खाली आमच्याबरोबर बसावं आणि चूक झाली म्हणावं. मग तुम्ही आमच्या पाहुण्या, जागा आम्ही देतो.

मृणाल, एवढंच होतं. वाळूवर चटई होती. चार शब्द होते.

भाऊजी उभेच राहिले. आधी हसले. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की ही बाई अशिक्षित आहे, तिला बोलता येत नाही, तिच्या बडबडीला मी जबाबदार नाही. मी खाली बसले. चटईवर नाही, सरळ वाळूत. म्हटलं, सॉरी, माय मिस्टेक. आजोबा मला प्रेमाने म्हणाले, "नॉट यू, मदर. कॅप्टन."

शैला त्यांच्याजवळ गेली. मराठीत बोलली, हळू. "अहो, बसा ना. पाच मिनिटं. माझ्यासाठी नको, मृणालसाठी बसा."

ते म्हणाले, "मी कोणापुढे बसत नसतो. आणि बाळंतपणं आईशिवायही होतात."

शेवटचं पोतं चढलं. भोंगा झाला. बोट त्या फटीतून बाहेर पडली आणि लाटांमागे गेली. शैला ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. भाऊजी पाण्याचे कॅन भरायला लागले होते. कॅन भरून झाल्यावर त्यांनी आम्हाला होडीत बसायची खूण केली, तर शैला जागची हलली नाही.

"मी इथेच राहते," ती म्हणाली. "आता पाणी तुम्हाला भरपूर पुरेल."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि वल्ही मारत निघून गेले.

हे तुझ्या ई-मेलमधलं 'तिथेच राहायला गेली'. शब्द न् शब्द खरा आहे. बोटीवर ते एकटेच होते हेही खरं.

होडी गेल्यावर आजोबा उठले आणि आमच्यासाठी चटई झटकली. त्यांच्या हिशेबाने, बोटीवरून उतरलेल्या बायका त्या बोटीच्या राहत नाहीत. त्यांच्यावर राग नसतो. हे आम्हाला तासभर आधी कोणी सांगितलं असतं तर पासपोर्टबिसपोर्ट मरू दे म्हणत मी शैलाला उचलून त्या बोटीत टाकलं असतं.

मेले मात्र सहजी बोलली नाही. जेवण दिलं, अंथरूण दिलं, पण डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बसून समजावलं. आमच्यात 'गो' म्हणजे कायमचं, मेलेल्या माणसाचं. म्हणून निघताना 'कम' म्हणतो. तिने हातातली वाटी किसून संपवली. मग म्हणाली, "तुमच्यात सगळे येतात म्हणतात, मग कोण खरंच येतो ते कसं कळतं?" मी पुढचा नारळ फोडून तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "पुढच्या वेळी वार सांग." आणि मग एकदाची हसली.

पुढची बोट यायला तीन आठवडे लागले. ते दिवस तुझ्या आईने कसे काढले ते मी लिहिणार नाही, तिलाच विचार. एवढं सांगते, की बेट तिला आवडलं नव्हतं. ती सकाळपासून किनाऱ्यावर बसायची आणि बोटांवर आठवडे मोजायची. भाऊजींची बोट समोर तळ्यात नांगर टाकून उभी. टाकी सांधली, शिडं शिवली, डेक घासून पांढरा केला. एकदाही किनाऱ्याला आले नाहीत. पावसाचं पाणी धरायला डेकवर फडकं बांधलं.

मोठ्या बेटावर पोस्टात जाऊन कॉलिंग कार्डाने फोन लावला, तर तुझा नवरा म्हणाला, मुलगी झाली, दिवसांच्या थोडी आधीच, सहा दिवस झाले. शैलाने रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. वॉटर्लूला पोचलो तेव्हा तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "ओह, यू मेड इट." ती तेव्हाच तुला सगळं सांगू शकली असती. मी आत येऊन सांगणार होते, तर तिने माझा दंड दाबला. नंतर म्हणाली, ताई, ओल्या बाळंतिणीला बापाचं काय सांगायचं. मग कधीच सांगितलं नाही. कॅल्गरीच्या घरी परत गेली नाही, माझ्याकडे आली. आणि मी गप्प बसले, कारण 'वी कम' माझं होतं. तेवढा भित्रेपणा माझा.

आता तुझे बाबा मी शेवटचे पाहिले तो दिवस. पुढे दोन वर्षांनी ते बोट विकून कॅल्गरीला आले, काँडोत राहिले, पण मी भेटायला गेले नाही.

तीन आठवड्यांनी आलेली ती सामानाची बोट त्या दिवशी दुपारी सुटणार होती. शैलाला पासपोर्टची काळजी. मेले म्हणाली, मी वल्हवत जाते आणि मागून आणते. तेवढ्यात भाऊजींच्या बोटीवर हालचाल दिसली. त्यांनी पाण्यात काहीतरी सोडलं. पांढरा प्लास्टिकचा कॅन, आणि त्याला घट्ट बांधलेली नारिंगी पिशवी. वारा उलटा होता, तरी ती पिशवी भरतीबरोबर सरकत सरकत, एका नारळाच्या झाडाइतकीही इकडेतिकडे न होता, आम्ही बसलो होतो बरोबर तिथे येऊन वाळूला लागली. आजोबा उभे राहून बघत होते. म्हणाले, या माणसाला पाणी कळतं.

आत दोन्ही पासपोर्ट, कोरडे. चिठ्ठी नाही.

मी वर पाहिलं. ते डेकवर दुर्बीण लावून उभे होते. शैलाने वाकून पिशवी उचलली, दोन्ही पुस्तिका उघडून पाहिल्या, कमरेला खोचल्या. तेव्हा त्यांनी दुर्बीण खाली केली. मला वाटलं आता हात करतील. तिलाही वाटलं असावं, कारण तिचा हात अर्धा उचलला गेला होता. ते वळले आणि दोरीचं वेटोळं घालत बसले. बसले म्हणते, कारण खरंच डेकवर मांडी घालून बसले होते, एकटे, कोणी समोर नसताना.

तर असे तुझे बाबा. तू त्यांच्यावर माया कर, मी अडवत नाही. पण आईवरचा राग काढून टाक, तो तिच्या वाट्याचा नाही. तिला फोन करू नकोस, फोनवर तिला रडू आवरत नाही आणि मग ती 'नेटवर्क नाही' म्हणून ठेवून देते. मार्च ब्रेकच्या सुट्टीत विमानाचं तिकीट काढ आणि लेकीला घेऊन ये. इथे अजून बर्फ असेल, तिचे चांगले बूट आण. येताना तुझ्या आईला कळवू नकोस, मला कळव. आणि लवकर ये गं, तिला वाट बघण्याची सवय झाली आहे, ती मला बघवत नाही.